ऑक्टोबरभर भयपट: पाहावेत कसे, गुण द्यावेत कसे

३१ ऑक्टोबरच्या रात्री येणारा हॅलोविन हा मूळचा आयर्लंड-स्कॉटलंडकडचा आणि पुढे अमेरिकेत फोफावलेला सण. १ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या दिवसाची ती आदली रात्र असते. तो सण न पाळताही त्याचे निमित्त साधून ऑक्टोबरभर भयपट पाहणारे, प्रत्येक चित्रपटाला गुण देणारे आणि महिनाअखेरीस आपली क्रमवारी लावणारे रसिक आता सोलापुरातही भेटतात. ज्यांना भयपटांची फारशी सवय नाही, पण या वर्षी शिस्तीत सुरुवात करायची आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. त्याचा भर मुख्यतः एका गोष्टीवर आहे. चित्रपट संपताच दिलेला गुण आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दिलेला गुण हे बहुतेक वेळा निरनिराळे असतात. ते वेगवेगळे नोंदवले नाहीत, तर महिनाअखेरची यादी ही कोणत्या चित्रपटाने जास्त दचकवले एवढीच सांगणारी यादी होऊन बसते.

किती पाहावेत आणि केव्हा

एकतीस दिवसांत एकतीस चित्रपट हा संकल्प ऐकायला रुबाबदार वाटतो, पण नवख्याने त्याच्या नादी लागू नये. नोकरी, मुलांची सहामाही परीक्षा, नवरात्र आणि काही वर्षी ऑक्टोबरातच येणारी दिवाळी, या सगळ्यांतून रोज दोन तास काढता आले, तरी लागोपाठच्या भीतीने मन बधिर होते आणि मग चांगल्या चित्रपटालाही नाहक कमी गुण पडतात. आठवड्याला तीन, म्हणजे महिन्याला बारा-तेरा चित्रपट भरपूर झाले. दोन चित्रपटांच्या मध्ये किमान एक रात्र मोकळी ठेवावी.

महिना सुरू होण्यापूर्वी दिनदर्शिका समोर घेऊन बसावे. घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत सोलापुरातील रूपाभवानी मंदिराच्या वाटेवरची वर्दळ, मंडळांचे ध्वनिक्षेपक आणि दांडियाचा ठेका रात्री उशिरापर्यंत घरात ऐकू येत असतो. अनेक घरांत घट बसलेले असतात, अखंड दिवा तेवत असतो आणि देवघराशेजारच्या दिवाणखान्यात किंकाळ्या ऐकू आलेल्या घरातील ज्येष्ठांना रुचत नाहीत. त्यांच्या मनाचा मान राखावा. त्या दिवसांसाठी मूकपट किंवा जुने गूढपट ठेवावेत, कारण ज्या चित्रपटात संवादच नाहीत तो बाहेरच्या गोंगाटाने फारसा बिघडत नाही. कोजागरीला तुळजापूरला पायी जाणाऱ्यांनी तो दिवस आणि पाय दुखत असतील तो पुढचा दिवसही कोरा सोडावा. शांततेवर उभे असलेले चित्रपट दसऱ्यानंतरच्या रात्रींना द्यावेत.

पहिली निवड

नवखे प्रेक्षक बहुधा त्या आठवड्यात गाजत असलेल्या नव्या चित्रपटापासून सुरुवात करतात. त्याऐवजी आरंभी तीन-चार असे चित्रपट निवडावेत, ज्यांच्यामुळे पुढच्या सर्वांकडे पाहण्याची नजर तयार होते.

पहिला म्हणून मुर्नाऊ यांचा १९२२ सालचा जर्मन मूकपट 'नोस्फेराटू' घ्यावा. ब्रॅम स्टोकर यांच्या १८९७ सालच्या 'ड्रॅक्युला' या कादंबरीवर तो परवानगी न घेताच बेतला होता. स्टोकर यांच्या पत्नीने दावा लावला आणि न्यायालयाने त्याच्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला, तरी काही प्रती वाचल्या आणि म्हणून आज तो आपल्याला पाहता येतो. त्यात जिन्याच्या भिंतीवरून वर सरकणारी, लांब बोटांची एक सावली आहे. पिशाच्च स्वतः त्या क्षणी पडद्यावर दिसत नाही, दिसते ती फक्त सावली. न दाखवता घाबरवणे म्हणजे काय, हे नवख्याला समजण्यासाठी तेवढे दृश्य पुरते. एक दक्षता मात्र घ्यावी: या चित्रपटाच्या निरनिराळ्या प्रतींना निरनिराळे संगीत जोडलेले असते. ते संगीत चित्रपटाच्या गुणांत मिसळू देऊ नये.

दुसरा आल्फ्रेड हिचकॉक यांचा १९६० सालचा 'सायको'. रंगीत चित्रपटांचा काळ असूनही तो कृष्णधवल आहे आणि न्हाणीघरातील त्या प्रसिद्ध प्रसंगात रक्त म्हणून चॉकलेटचे सरबत वापरले होते. बर्नार्ड हर्मन यांचे संगीत केवळ तंतुवाद्यांचे आहे. हा चित्रपट पाहून झाल्यावर तोच प्रसंग पुन्हा एकदा आवाज पूर्ण बंद करून पाहावा. सुरा अंगात शिरताना जवळजवळ दिसतच नाही, आपल्या मनाने तो पाहिलेला असतो, आणि मनाला तसे करायला लावणारी शक्ती संकलनात व तंतुवाद्यांत आहे, हे एका मिनिटात उमगते. हाच प्रयोग पुढे शंका येईल त्या प्रत्येक चित्रपटावर करता येतो.

तिसरा १९६८ सालचा जॉर्ज रोमेरो यांचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड', ज्यातून आजच्या झोंबीपटांची परंपरा सुरू झाली. चित्रपटाचे नाव ऐन वेळी बदलताना स्वामित्वहक्काची ओळ पडद्यावर टाकायची राहिली आणि त्यामुळे तो अमेरिकेत सार्वजनिक मालकीचा झाला. सुरुवातीला पैसे खर्च करायचे नसतील, तर हा आणि 'नोस्फेराटू' हे दोन्ही कायदेशीरपणे विनामूल्य पाहता येतात.

चौथा आपल्याकडचा असावा आणि त्यासाठी राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' सर्वांत योग्य. तो १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला तेव्हा गर्दी बेताची होती. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा पडद्यावर आला, तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा अधिक कमाई केली. कथा १९१८ पासून स्वातंत्र्याच्या वर्षापर्यंत पसरलेली आहे आणि बहुतेक सगळा चित्रपट कोकणातल्या संततधार पावसात भिजलेला आहे. पावसाची वाट पाहण्यात हयात जाणाऱ्या आपल्या जिल्ह्यातील प्रेक्षकाला तो पाऊस परका वाटतो, आणि हा परकेपणा चित्रपटाच्या पथ्यावरच पडतो. लोभ आणि भूक या दोन गोष्टींतून भीती कशी उभी राहते, हे मराठी माणसाला त्यातून जितके लवकर कळते तितके परदेशी चित्रपटातून कळत नाही.

यानंतर निवड मोकळी ठेवावी, मात्र सगळे एकाच पठडीतले घेऊ नयेत. मराठीत 'हा खेळ सावल्यांचा' हा १९७६ सालचा गूढपट आहे, महेश कोठारे यांचा १९९३ सालचा 'झपाटलेला' आहे आणि विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' आहे. हिंदीत कमाल अमरोही यांच्या १९४९ सालच्या 'महल'पासून रामसे बंधूंच्या 'पुराना मंदिर'पर्यंत आणि तिथून 'स्त्री'पर्यंत मोठा पल्ला आहे. रामसेंचे चित्रपट हसण्यावारी नेण्याची पद्धत आहे, पण धूर, निळा प्रकाश आणि करकरणारे दार एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर त्यांनी खेड्यापाड्यांतील प्रेक्षक वर्षानुवर्षे धरून ठेवला. त्यांचा किमान एक चित्रपट यादीत असलाच पाहिजे, असे माझे मत आहे.

घरात मुले असतील तर प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय चित्रपट लावू नये. २०२४ च्या नियमांनुसार 'यूए' (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावेत असे) या वर्गाचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले आहेत. 'ए' म्हणजे केवळ प्रौढांसाठी. ओटीटीवर वयोगटाशेजारी हिंसा, भीती, शिवीगाळ यांचे सूचक शब्दही दिलेले असतात. ते वाचायला पाच सेकंद लागतात.

खोली, अंधार आणि आवाज

ऑक्टोबरच्या उकाड्यात सोलापुरात खिडक्या बंद करून बसणे हे चित्रपटातील भुतापेक्षा मोठे संकट आहे. रस्त्याकडच्या खिडकीवर जाड सोलापुरी चादर दुहेरी घडी करून टांगली, तर बाहेरच्या दिव्याचा पट्टा पडद्यावर पडत नाही. मागची खिडकी उघडी ठेवावी, म्हणजे वारा खेळता राहतो. पंखा मधल्या वेगावर ठेवावा, कारण पूर्ण वेगातील पंख्याची घरघर नेमके तेच बारीक आवाज खाऊन टाकते ज्यांच्यावर भयपट उभा असतो: दूरची पावले, श्वास, कोयंडा.

खाण्याचे पदार्थ निवडतानाही थोडा विचार करावा. चुरमुरे चालतील. कडक भाकरी आणि शेंगाचटणी ही कितीही प्रिय असली तरी मध्यंतरापर्यंत थांबवावी, कारण निःशब्द प्रसंगात कोणीतरी भाकरीचा तुकडा मोडला की अख्खी खोली दचकते आणि त्याचे श्रेय दिग्दर्शकाला जाते.

वीज जाण्याची भीती असेल, तर चित्रपट आधीच डाउनलोड करून ठेवावा. मोबाइलवर पाहावा लागला, तर वहीत तशी खूण करावी. पाच-सहा इंचांच्या पडद्यावर पाहिलेल्या चित्रपटाला मोठ्या पडद्यावर पाहिलेल्याच्या तोडीचे गुण सहसा पडत नाहीत, आणि तो दोष चित्रपटाचा नसतो. एकट्याने पाहताना हेडफोन लावल्यास परिणाम वाढतो, म्हणून तेही नोंदवावे.

वही आणि दोन आकडे

आता मुख्य काम. मोबाइलमध्ये गुण नोंदवण्याची अनेक साधने आहेत. लेटरबॉक्स्डवर अर्ध्या ताऱ्यापासून पाच ताऱ्यांपर्यंत आणि आयएमडीबीवर दहापैकी गुण देता येतात. पण पहिल्या वर्षी साधी शंभरपानी वही वापरावी. त्या साधनांवर गुण देण्यापूर्वीच इतरांची सरासरी डोळ्यांसमोर येते आणि आपला आकडा नकळत तिकडे सरकतो.

प्रत्येक चित्रपटाला एक पान द्यावे. माथ्यावर नाव, वर्ष, भाषा, दिग्दर्शक, तारीख, पडदा कोणता आणि सोबत कोण होते, एवढे लिहावे. चित्रपट चालू असताना फक्त ठिपके काढावेत: खरा दचका बसला की भरीव ठिपका, आणि मांजराने उडी मारली किंवा मित्राने मागून खांद्यावर हात ठेवला अशा फसव्या प्रसंगाने दचकलो की पोकळ गोल. अंधारात वहीकडे न पाहता हे जमते. शेवटी पानावर पोकळ गोलांची रांग लागली असेल, तर दिग्दर्शकाकडे सांगण्यासारखे फारसे नव्हते आणि तो आवाजाच्या जोरावर वेळ मारून नेत होता, असे समजायला हरकत नाही. अचानक मोठा झालेला आवाज कोणालाही दचकवतो. त्यासाठी कथा लागत नाही.

चित्रपट संपला की कोणाशीही बोलण्यापूर्वी दहापैकी एक आकडा लिहावा. हा रात्रीचा गुण. त्यात छातीची धडधड, अंगावरचा काटा, मध्येच मोबाइलकडे हात गेला की नाही, हे सगळे येते. त्याची कारणे लिहू नयेत, फक्त आकडा लिहून वही मिटावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा झाल्यावर, रात्रीच्या आकड्यावर कागद ठेवून दुसरा आकडा लिहावा. या वेळी मात्र स्वतःला काही प्रश्न विचारावेत. कोणते दृश्य आपोआप आठवले? रात्री पाणी प्यायला उठताना स्वयंपाकघरातला दिवा आधी लावावासा वाटला का? कथेतील माणसे मूर्खपणे वागली म्हणून संकटात सापडली, की शहाणपणाने वागूनही सापडली? भूत, शाप किंवा खुनी यांचे नियम चित्रपटाने शेवटपर्यंत पाळले का? शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. सुरुवातीला जे भूत उंबरठा ओलांडू शकत नाही असे सांगितले, ते तासाभराने कारण न देता माजघरात दिसू लागले, तर ती भीती नव्हे, लबाडी आहे, आणि त्याचे दोन गुण तरी कापावेत.

दोन आकड्यांमधील अंतर हीच खरी माहिती असते. रात्री ८ आणि सकाळी ५ असेल, तर चित्रपट दचकवण्यात तरबेज पण आतून पोकळ. रात्री ५ आणि सकाळी ८ असेल, तर तो हळूहळू चढणारा आहे. असे चित्रपट नवख्यांना पाहताना कंटाळवाणे वाटतात आणि चार दिवसांनी अंघोळ करताना आठवतात. दोन्ही आकडे वरच राहिले, तर त्या पानाचा कोपरा दुमडून ठेवावा. क्रमवारी लावताना सकाळचा आकडा प्रमाण मानावा. रात्रीचा आकडा मित्रांना चित्रपट सुचवताना उपयोगी पडतो, कारण शनिवारी रात्री जमलेल्या टोळक्याला बहुधा तेवढेच हवे असते.

गुणांचा तराजू आधी पक्का केला नाही, तर पहिल्या आठवड्यात उदारपणे ९ वाटले जातात आणि शेवटच्या आठवड्यात खरोखर चांगल्या चित्रपटाला जागाच उरत नाही. म्हणून पूर्वी पाहिलेल्या चित्रपटांतून तीन नमुने ठरवावेत: एक ९ चा, एक ५ चा आणि एक २ चा. ते वहीच्या मलपृष्ठावर लिहून ठेवावेत आणि प्रत्येक वेळी आकडा देताना, हा चित्रपट त्या पाचवाल्याहून खरोखर सरस आहे का, असे स्वतःला विचारावे. अर्धे गुण पहिल्या वर्षी देऊ नयेत. अर्ध्या गुणाची सोय असली की माणूस निर्णय टाळतो. चित्रपटांचा क्रमही सांभाळावा. झणझणीत चटणीनंतर वरणभात अळणी लागतो, त्याप्रमाणे अतिशय रक्तरंजित चित्रपटानंतर लगेच संयत गूढपट लावल्यास त्याच्यावर अन्याय होतो.

भय-विनोदी चित्रपटांसाठी निराळा न्याय लावावा लागतो. 'झपाटलेला'मधील तात्या विंचूच्या बाहुल्याने त्या पिढीतील मुलांची झोप उडवली होती हे खरे, पण आज तो पाहताना आपण मुख्यतः लक्ष्मीकांत बेर्डे यांच्यासाठी हसतो. अशा चित्रपटाला 'घाबरवले का' एवढ्याच निकषावर ४ देणे बरोबर नाही. त्याने जे करायचे ठरवले होते ते साधले का, हे पाहावे आणि पानाच्या कोपऱ्यात 'वि' लिहून त्यांची क्रमवारी स्वतंत्र लावावी.

आपल्या अनुभवाचा वाटाही ओळखायला हवा. 'लपाछपी'मध्ये गर्भवती नायिका उसाच्या फडांनी वेढलेल्या घरात अडकते. 'छोरी' या नावाने २०२१ मध्ये त्याचे हिंदी रूप आले, त्याचेही दिग्दर्शन फुरिया यांनीच केले. माळशिरस किंवा पंढरपूरकडे ज्यांनी संध्याकाळी उसाच्या फडातून वाट काढली आहे, ज्यांना चारही बाजूंनी पानांची सळसळ ऐकू येते पण दोन हातांपलीकडचे दिसत नाही ही अवस्था ठाऊक आहे, त्यांना हा चित्रपट मुंबईच्या प्रेक्षकापेक्षा जास्त भिववणार. हा जादा गुण काढून टाकू नये. त्याच्यापुढे 'ऊस' एवढा एक शब्द लिहावा, म्हणजे पुढे पान उघडल्यावर तो आकडा का चढला ते कळते.

एकच कथा, अनेक भाषा

या बाबतीत सोलापूरकरांच्या हाती इतर शहरांना नसलेली सोय आहे. पूर्व भागात तेलुगू बोलणारी घरे आहेत, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड सहज कानांवर पडते. म्हणून महिन्यातील एक आठवडा एकाच कथेच्या निरनिराळ्या रूपांना द्यावा. १९९३ साली फाझिल यांनी मल्याळममध्ये 'मणिचित्रताळ' काढला आणि त्यातील भूमिकेसाठी शोभना यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याच कथेवर २००४ मध्ये कन्नड 'आप्तमित्र', २००५ मध्ये तमिळ 'चंद्रमुखी' आणि २००७ मध्ये प्रियदर्शन यांचा हिंदी 'भूल भुलैया' आला. बहुतेकांनी हिंदी रूप पाहिलेले असते. त्यांनी आता मूळ मल्याळम किंवा कन्नड पाहावा आणि बंद खोलीचे दार उघडण्याचा प्रसंग प्रत्येकात किती वेळ ताणला आहे, विनोद कुठे कापला आहे, नायिकेच्या चेहऱ्यावर कॅमेरा किती थांबतो, हे ताडून पाहावे. कथा आधीच ठाऊक असल्यामुळे भीती ओसरते आणि कारागिरी स्पष्ट दिसू लागते. गुण देण्याचे याहून चांगले शिक्षण नाही.

थेट तेलुगूतील हवा असेल, तर कोडी रामकृष्ण यांचा २००९ सालचा 'अरुंधती' घ्यावा. तेलुगू समजणारा शेजारी सोबत असल्यास सबटायटल्समध्ये न उतरलेल्या शिव्याशापांचा अर्थ तो सांगतो. तो अर्थही चित्रपट संपल्यावर विचारावा, मध्येच नव्हे.

मंडळी जमल्यास

चार-पाच जण मिळून पाहणार असाल, तर एकच नियम कटाक्षाने पाळावा: तोंड उघडण्याआधी प्रत्येकाने आपला आकडा चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी वाटीत टाकावी. अन्यथा ज्याचा आवाज मोठा किंवा ज्याचे वय अधिक, त्याच्या मतामागे सगळे जातात. चिठ्ठ्या उघडल्यावर सरासरी काढण्यात अर्थ नाही, सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा नोंदवावा. एकाने ९ आणि दुसऱ्याने ३ दिले असतील, तर त्या दोघांना बोलू द्यावे आणि बाकीच्यांनी ऐकावे.

शेवटचा आठवडा

३१ तारखेसाठी जॉन कार्पेंटर यांचा १९७८ सालचा 'हॅलोविन' राखून ठेवावा, कारण त्याची कथा त्याच रात्री घडते. सुमारे तीन लाख डॉलरांत, कॅलिफोर्नियात, ऐन वसंतात तो चित्रित झाला. त्यामुळे शरदातील गळलेली पाने रंगवून रस्त्यावर पसरावी लागत आणि दृश्य झाले की गोळा करून पुन्हा वापरावी लागत. खुन्याचा मुखवटा म्हणजे 'स्टार ट्रेक' या अमेरिकन अंतराळ-मालिकेतील कॅप्टन कर्कचा बाजारात मिळणारा मुखवटा, पांढरा रंगवलेला. संगीत दिग्दर्शकाचेच आहे आणि पाच मात्रांच्या तालामुळे ते कानाला सतत अडखळल्यासारखे वाटते. रक्त नाममात्र. पाहताना नटांच्या चेहऱ्यांइतकेच त्यांच्या मागील रिकाम्या जागेकडे, कुंपणाकडे आणि खिडक्यांकडे लक्ष द्यावे.

१ नोव्हेंबरला सकाळी त्याचा दुसरा आकडा लिहून झाला की सगळी वही एका बैठकीत वाचावी. सुरुवातीच्या चारही चित्रपटांचे सकाळचे गुण झाकून पुन्हा नव्याने द्यावेत. दोन किंवा अधिक गुणांचा फरक पडला, तर नवा आकडा धरावा, एका गुणाचा असेल तर जुनाच ठेवावा. मग सकाळच्या आकड्यांनुसार क्रम लावावा, समान गुण असतील तिथे ज्याच्या पानावर पोकळ गोल कमी तो वर घ्यावा, आणि मलपृष्ठावरील ९, ५ व २ चे नमुने बदलावेसे वाटत असतील तर पुढच्या वर्षीसाठी आत्ताच बदलून ठेवावेत.